मशीनला कुंकू

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांच्या शेडवर मशीन आलं. एवढा लांब ट्रेलर, की कळंबच्या फाट्यावर वळेना. हायवेवर तासभर गाड्या तुंबल्या आणि ड्रायव्हरने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी क्रेन लावून मशीन शेडच्या पुढच्या अंगाला उतरवलं, जिथे दुपारी बायका घटकाभर पाठ टेकायच्या, आणि वरून निळी ताडपत्री ओढली. बायकांना कुणी काही सांगितलं नाही. पण टेकायची जागा गेली म्हणजे पुढे काय जाणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

शेडवर बावीस बायका कांदा निवडत. उन्हाळ्यात बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, भरलेला कांदा पावसाळा उलटला की शेतकरी बाहेर काढतात. तो इथे यायचा, त्याचा ढीग पडायचा, आणि ढिगाच्या दोन्ही अंगांनी बायका मांडी घालून बसायच्या. मोठा वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, जोड वेगळा, सडका लांब. बघणाऱ्याला वाटावं, यात काय एवढं? पण पाच महिने बराखीत काढलेला कांदा वरून लाल-गुलाबी आणि आत मानेत पाणी सुटलेला असतो. असा एक कांदा गोणीत गेला, की माल केरळात पोचेपर्यंत निम्मी गोणी वास मारते. लंकाबाईचं बोट त्या बाबतीत पक्कं होतं. कांद्याच्या मानेवर अंगठा टेकला की तिला कळे. बघायचंसुद्धा काम नाही. तोंडाने गप्पा चालू, हाताने निवड चालू. सत्तावीस वर्षं ती त्या ढिगापाशी बसत आली होती. गुडघे गेले, नखांत कांद्याचा काळा रंग बसला तो कायमचा, आणि अंगाचा वास तर साबणाच्या बापाने निघाला नसता.

तिला बायकांनी संघटनेची अध्यक्ष केली होती, ती काही भाषण करता येतं म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वी शेडवरच्या संडासाला दार नव्हतं. एक बाई आत गेली की दुसरी पदर पसरून बाहेर उभी राही, आणि हमाल मुद्दाम तिकडून गाड्या ढकलत नेत. लंकाबाई एक दिवस सरळ बाळासाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, दार बसत नाही तोवर आम्ही बसत नाही. चौथ्या दिवशी दार बसलं. त्या दाराच्या जोरावर संघटना उभी राहिली. कागदपत्रं मंचरच्या रामनाथने केली. हा रामनाथ पूर्वी एसटीत कंडक्टर होता, संपात नोकरी घालवून बसलेला. आता कापडी पिशवीत फायली घालून गावोगाव फिरायचा आणि जिथे चार मजूर दिसतील तिथे गाडी उभी करायचा.

मशीन आल्याचं कळलं तसा तो आला. ताडपत्रीचं टोक उचलून आत बघितलं. कॅमेरे लावलेलं मशीन होतं. पट्ट्यावरून कांदा पळणार, कॅमेरा त्याचा फोटो काढणार, आणि ज्याचा त्याला कप्पा. बावीस बायकांचं काम चौघी करतील, असं फिटर लोक बोलताना त्याने ऐकलं. त्याने पुण्याला कामगारांच्या साहेबाकडे अर्ज टाकला. कामगारांना न कळवता, नोटीस न देता मशीन आणलं, बावीस जणींचं काम जातंय. पहिल्या तारखेला बाळासाहेबांच्या वकिलाने लिहून दिलं, की पुढच्या तारखेपर्यंत मशीन सुरू करणार नाही. पुढची तारीख दसऱ्यानंतरची होती.

रामनाथने बायकांना ढिगापाशीच बसवून समजावलं.

"केस आपली पक्की हाय. फकस्त मशीनला कुनी हात लावायचा न्हाई. शिकायला बोलावलं, जायचं न्हाई. कशावर सही न्हाई, अंगठा न्हाई. आमाला मशीन चालतंय असं दिसंल, असं कायबी करू नका."

बायकांनी माना डोलावल्या. एवढं बारीक सांगणारा माणूस, पण त्याच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. आली असती तरी तो हसला असता.

लंकाबाईच्या घरी त्या महिन्यात आधीच ओढाताण होती. तिचा नवरा हौशीराम उजव्या हाताच्या तीन बोटांनी कमी. वीस वर्षांपूर्वी गावात नवीन मळणीयंत्र आलं, ते नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. यंत्राच्या मालकाने म्हटलं, आता पुढच्या खंडेनवमीला करू पूजा. पुढची खंडेनवमी यायच्या आत सोयाबीनच्या काडासोबत हौशीरामची बोटं आत गेली. पूजा नसलेलं हत्यार रक्त मागतं, हे गावात सगळे म्हणतात. लंकाबाईने ते रक्त पाटीने माती टाकून झाकलेलं होतं. तेव्हापासून हौशीराम शेरडं वळतो, पाणी भरतो, आणि लोकांसमोर हात खिशात ठेवतो.

मुलगा ज्ञानेश्वर चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. सात महिने काम आणि मग ब्रेक, असं चार वर्षं चाललेलं. या खेपेला ब्रेक आला तो परत बोलावणं घेऊन आलाच नाही. त्याच्या लाईनवर नऊ पोरं वेल्डिंग करायची, तिथे आता दोन लोखंडी हात बसवलेत, असं त्याने एकदाच जेवताना सांगितलं. त्यावर हौशीरामने विचारलं, त्या हातांना जेवायला काय घालत्यात? ज्ञानेश्वर ताट सारून उठला. त्यानंतर तो दिवसचे दिवस ओट्यावर मोबाईल घेऊन बसे आणि कुणी हाक मारली की दचके.

त्याची बायको प्राची बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिला सासूचं अप्रूप होतं. संघटनेचे कागद तीच वाचून दाखवायची.

अशात खंडेनवमी आली.

शेडवर त्या दिवशी कामाला सुट्टी, पण पूजेला यायचं, हा बाळासाहेबांच्या वडिलांपासूनचा रिवाज. बायका न्हाऊन, चांगली लुगडी-साड्या नेसून आल्या. वजनकाटा धुतला, पाट्या आणि क्रेट एकावर एक रचले, गोण्या शिवायचे दाभण आणि सुतळीचे गुंडे पाटावर मांडले. झेंडूच्या माळा केल्या. लंकाबाईच्या समोर बसून बारा वर्षं निवड करणारी बयाबाई डिंभ्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. वयाने थोरली, विधवा, हंगामात कळंबला पत्र्याच्या खोलीत राहायची आणि रविवारी गावी जायची. तिने येताना आंब्याचा टहाळा आणला होता.

पूजा दरवर्षी बाळासाहेबांची आई करायची. म्हातारी श्रावणात गेली. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, तेव्हा यंदा त्या घरातलं कुणी पूजेला हात लावणार नव्हतं. बाळासाहेब पांढरे कपडे घालून लांब खुर्चीवर बसले होते. त्यांचा पुतण्या आदेश, जो शेडचं सगळं बघायचा, तो मोबाईल घेऊन इकडून तिकडे फिरत होता.

"काकू," बाळासाहेब लंकाबाईला म्हणाले, "आमाला वरीसभर सण न्हाई. आईच्या जागी यंदा तुमीच करा."

लंकाबाईला भरून आलं. म्हातारीने तिला पहिल्या दिवशी ढिगाशी बसवून कांद्याची मान कशी दाबायची ते दाखवलं होतं. भांडण पोराशी होतं, म्हातारीशी नव्हतं. तिने वजनकाट्याला हळद-कुंकू लावलं, दाभणांना लावलं, क्रेटला लावलं, नारळ फोडला. झेंडू वाहिला. झालं असं म्हणून ती उठली, तेवढ्यात आदेशने ताडपत्री ओढली.

मशीन उघडं पडलं. पांढरं, लांबच लांब, त्याच्या पोटात रबरी रोलर एकाला एक चिकटून बसलेले. रामनाथ तिथे नव्हता. खंडेनवमीला मंचरला त्याचा स्वतःचा कार्यक्रम होता.

बाळासाहेबच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या काकू. ह्याचा वाद चाललाय. ह्याला ऱ्हाऊ द्या तसंच."

ते असं म्हणाले नसते, तर कदाचित लंकाबाई पदर खोचून निघून आली असती. पण ते नको म्हणाले आणि तिची नजर रोलरवर गेली. पलीकडे दोन फिटर उभे होते, कुठल्या मुलखातले कोण जाणे, एकाच्या अंगात बनियन, पायात चप्पल नाही. उद्या परवा कुणी ना कुणी ह्यात हात घालणार. तो आपला नसेल. कुणाचा तरी असेल. आज राहिलं तर वर्षभर राहिलं. भांडण माणसाशी असतं, हत्याराशी कुणी भांडतं का? तिने मागे बघितलं. बयाबाई तिच्या खांद्याशी उभी होती. तिनेही रोलर बघितले होते. तिने हातातला कुंकवाचा करंडा पुढे केला.

लंकाबाईने मशीनला हळद लावली, कुंकू लावलं. हात ओला होता, कुंकू ओघळलं. तिने पदराने पुसून परत लावलं आणि डोळे मिटून हात जोडले. आदेशने मोबाईल वर धरला होता. सणाला सगळेच धरतात.

बायकांना पेढे वाटले. प्रत्येकीला खण मिळाला.

दसरा झाला आणि सातव्या दिवशी तारीख आली. रामनाथ, लंकाबाई आणि बयाबाई सकाळच्या गाडीने पुण्याला गेले. ऑफिसात जिन्यावर दोन तास बसले. बयाबाईने भाकरी आणली होती, पण तिथे खावी कशी म्हणून तिघांनी खाल्ली नाही. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी बसा म्हटलं. खुर्ची अशी मऊ की लंकाबाई कडेवरच टेकली. साहेब माणूस बरा होता. रामनाथचं सगळं शांतपणे ऐकलं. मग बाळासाहेबांच्या वकिलाने पाकिटातून मोठे रंगीत फोटो काढून टेबलावर मांडले.

फोटोत लंकाबाई मशीनला कुंकू लावत होती. दुसऱ्यात हात जोडून उभी. तिसऱ्यात मागे सगळ्या बायका, हातात पेढे. वकील म्हणाला, साहेब, मशीनचं उद्घाटन संघटनेच्या अध्यक्षांनीच केलंय. विरोध कुठाय?

रामनाथचा चेहरा पार उतरला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही झालंय, असं बायकांना वाटलंच नव्हतं.

साहेबांनी फोटो लंकाबाईकडे सरकवला. "ह्या तुम्हीच का?"

"व्हय."

"तुम्हाला कुणी करायला लावलं का? जबरदस्ती?"

रामनाथने टेबलाखालून तिचा पाय दाबला. चांगला जोरात दाबला, जोडवं रुतलं. तो काय म्हणतोय ते तिला कळलं. एक 'हो' म्हटलं की पुरे होतं. बावीस घरं त्या एका शब्दाकडे तोंड करून बसली आहेत, हेही तिला कळलं.

"न्हाई," ती म्हणाली. "शेठ तर नगं म्हनलं व्हतं. म्याच केली."

वकिलाने फोटो परत पाकिटात घातले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की पूजा म्हणजे कायद्याने मंजुरी असं काही नाही, पण आता समेट घडवण्यासारखं त्यांच्या हातात काही उरलं नाही. मशीन बंद ठेवायचा शब्द आजपर्यंतचा होता. पुढे कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. कोर्ट म्हणजे किती दिवस, असं बयाबाईने विचारलं. साहेब म्हणाले, दिवस नाही मावशी, वर्षं म्हणा.

स्टँडवर आल्यावर रामनाथने पिशवी बाकड्यावर आपटली.

"एक व्हय म्हनायचं व्हतं बाई. एक शबुद. मालक कधी खरं बोलला का आपल्याशी?"

"देवाच्या कुंकवाचं खोटं कसं बोलू रे?" लंकाबाई म्हणाली.

त्याला राग आला होता आणि रागावता येत नव्हतं. मग म्हणाला, चूक मपलीच हाय, तुमाला ह्येबी सांगायला पायजे व्हतं. आणि नारायणगावच्या गाडीची वाट बघत तो लांब जाऊन उभा राहिला.

बातमी शेडवर त्यांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी ढिगाशी लंकाबाई बसली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका थोड्या सरकल्या. थोड्याच, पण ढिगापाशी हातभर जागा मोकळी राहते तेव्हा ती सगळ्यांना दिसते. ठकूबाई नावाची एक होती, तोंडाने फटकळ. ती कांद्याशी बोलावं तशी बोलली, की काहींना कुंकू फार स्वस्त झालंय. दुसरी म्हणाली, स्वस्त कशाला, चांगला भाव आला असंल. लंकाबाईने मान वर केली नाही. करंडा कुणी पुढे केला होता, ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही कधी नाही. समोर बयाबाई बसली होती. तिचे हात चालू होते, पण दोनदा तिच्याकडून सडका कांदा चांगल्यात पडला.

आठवडाभरात मशीन सुरू झालं. पहिले दोन दिवस त्याने गोल्टी आणि मोठा एकत्र केला, तेव्हा बायका मनात खूश झाल्या. तिसऱ्या दिवशी फिटरने लॅपटॉप जोडून काहीतरी केलं आणि मशीन सरळ झालं. बावीस जणी एका दिवसात जेवढं निवडत, तेवढं त्याने जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं. उरल्या वेळी बायका ढीग नसलेल्या जागी बसून होत्या. आदेश म्हणाला, बसून काय करता, शेड झाडून घ्या. त्यांनी शेड झाडलं. दुसऱ्या दिवशीही झाडलं. मग निम्म्यांना सांगितलं, निरोप येईल तेव्हा या. मग उरलेल्यांना. दिवाळीच्या फराळाचं सामान आणायच्या दिवसांत बावीस बायका घरी बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही. रामनाथ दोनदा आला, पण गेटवर उभं राहायला सहाच जणी जमल्या आणि त्याही एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

भाऊबीज झाल्यावर आदेश लंकाबाईच्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. मशीनवर चौघी लागणार होत्या, तिघी मिळाल्या, एक हवी. शिकलेली, स्क्रीन वाचता येणारी. काकांचं म्हणणं, तुमच्या घरचंच कुणीतरी असावं. प्राचीला सोमवारपासून पाठवा. पगार महिन्याला, कामगार म्हणून नाव कायमच्या पटावर. तो गेल्यावर हौशीराम शेरडाच्या दाव्याला पीळ देत बसला. ज्ञानेश्वर उठून गोठ्यात गेला. स्वतःला काम नाही आणि बायकोला आलेल्या कामाला नाही म्हणायचं तोंडही नाही, असा तो कोंडला होता.

प्राची सासूपुढे येऊन उभी राहिली. "तुम्ही नको म्हणलात तर नाय जायची मी, आई."

हे तिने मनापासून म्हटलं होतं, आणि तेच कठीण होतं. ती भांडली असती तर लंकाबाई नको म्हणून मोकळी झाली असती. बावीस जणींना जिथे उठवलं, तिथे आपल्याच घरची सून बसवायची. लोक म्हणत होते ते खरं करून दाखवायचं. आणि नाही म्हटलं तर? मशीन काही बंद पडणार नव्हतं. ती जागा दुसरी कुणी संध्याकाळच्या आत घेणार होती. घरात चार माणसं, आणि कामाला जाणारा एकही पाय नाही. अंगठ्याने कांदा ओळखणारी बाई दोन दिवस त्याच एका गोष्टीवर अंगठा दाबत बसली आणि तिला काही कळेना.

"जा," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. मग म्हणाली, "पर आधी मला डिंभ्याला जाऊन येऊ दे. बयाआक्काला दुसऱ्याच्या तोंडून कळाया नगं."

रविवारी ती डिंभ्याला गेली. घोडेगावपर्यंत गाडी मिळाली, पुढे जीप. धरणाचं पाणी लांबवर चकाकत होतं. बयाबाईच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. एवढंसं खळं, चार पेंढ्यांचं भात. बयाबाई पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन दगडावर आपटत होती, दाणे उडत होते, आणि दर आपटीला तिच्या छातीतून हुं असा आवाज निघत होता. बारा वर्षं बसून काम केलेल्या अंगाला उभ्याचं काम सोसत नव्हतं, हे लांबूनही दिसत होतं. लंकाबाईने चप्पल काढली, पदर खोचला आणि न बोलता एक पेंढी उचलली. दोघींनी सगळ्या पेंढ्या झोडून संपवल्या, मग सावलीला बसल्या. बयाबाईने गुळाचा खडा आणि पाणी दिलं.

"आक्का, पूजंचं तू मला काय बोलली न्हाईस," लंकाबाई म्हणाली.

"काय बोलू? करंडा म्या म्होरं केला. तू नसतं लावलं तर म्या लावलं असतं कुंकू. बावीसातल्या कुनीबी लावलं असतं." बयाबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "लंके, त्यो खुर्चीवर बसून नगं म्हनला ना, तवाच त्याला ठावं व्हतं आपुन लावनार. त्याच्या आयशीच्या हाताखाली वाढलोय आपुन. त्याला आपला जीव ठावा हाय. त्येच त्यानं वापारलं. त्याचं तुला काय लागत न्हाई, म्या कवाच सोडलंय."

लंकाबाईच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस जे कुणी म्हटलं नव्हतं, ते या बाईने म्हटलं. तिला वाटलं आता इथेच उठावं, बाकीचं सांगूच नये. पण ती त्यासाठीच आली होती.

"प्राचीला मशीनवर बोलावलंय. उद्यापासनं. म्या जा म्हनले."

बयाबाई खळ्यात सांडलेले दाणे वेचून सुपात टाकत राहिली. एक एक दाणा, मातीतून.

"मपली पोर मंगल धाव्वी झालीय," ती शेवटी म्हणाली. "तिला न्हाई कुनी बोलावलं."

"आक्का..."

"पूजा केलीस ती न कळून केलीस. ह्ये कळून केलंस. करावंच लागतं, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर मग हितं रडाया येऊ नगंस. दोन्ही न्हाई व्हायचं."

ती सूप घेऊन आत गेली. लंकाबाई थोडा वेळ थांबली. आत भांडी वाजली, मंगल कुणाशी तरी बोलली, पण बयाबाई परत बाहेर आली नाही. परतीची जीप नव्हती. घोडेगावच्या रस्त्याने लंकाबाई चालत निघाली, आणि निम्म्या वाटेवर एका दुधाच्या टेम्पोने तिला घेतलं.

सोमवारी प्राची निघाली तेव्हा ती बरोबर निघाली. हौशीराम म्हणाला, तू कशाला? ती म्हणाली, बायका वाटेत उभ्या असतील, पोरीला काहीबाही बोलतील. वाटभर ती मनात उत्तरं जुळवत होती. मला बोला, माझ्या तोंडावर बोला, तिच्याकडे बघू नका. ठकूबाईला काय म्हणायचं, तेही तिने ठरवलं. अंगावर शेण फेकलं तर मध्ये उभं राहायचं, एवढीही तयारी केली.

गेटवर कुणीच नव्हतं. एक बाई नाही. कुणी बटाट्याच्या लागणीला गेल्या होत्या, कुणी पहाटे नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभ्या राहायला गेल्या होत्या, कुणी माहेरी. कुणाला इथे येऊन शिव्या द्यायलाही सवड नव्हती. लंकाबाईने रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघितलं. शिव्या खायला आलेल्या माणसाला रिकामा रस्ता मिळावा, तसं तिला झालं, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

प्राची पाया पडली आणि आत गेली. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. एकसारखा आवाज. मध्ये कुणी खोकत नाही, हसत नाही, कुणाची उखाळीपाखाळी काढत नाही. लंकाबाई गेटच्या खांबाला हात लावून ऐकत उभी राहिली. आतून आदेश आला.

"काय काम व्हतं का काकू?"

"न्हाई."

"मग गेटात नका थांबू. गाड्या आत यायच्यात."

तो वाईट बोलला नाही, साधंच बोलला. लंकाबाई बाजूला सरली. कांद्याने भरलेली पिकअप तिच्या शेजारून आत गेली. सकाळचे नऊ वाजले होते. सत्तावीस वर्षं ती या गेटातून दिवे लागायच्या वेळेला घरी निघाली होती. सकाळी नऊ वाजता इथून कुठे जायचं असतं, ते तिला माहीतच नव्हतं.